नवख्यानं कर्नल कंपाइल करावा का?

परवा ऑफिसात नव्यानं रुजू झालेला एक मुलगा लॅपटॉप उघडाच धरून माझ्या टेबलापाशी आला. लिनक्स टाकून त्याला फार दिवस झाले नव्हते. बाकी सगळं सुरळीत होतं, फक्त वायफाय गायब. नेटवर्क सापडत नाही असं नव्हे, मशीनमध्ये वायफाय आहे याचाच कुठे पत्ता नव्हता. माझ्याकडे यायच्या आधी तो आमच्यातल्या एका जुन्या सहकाऱ्याला विचारून आला होता, आणि त्यानं स्क्रीनकडे न बघताच सांगून टाकलं होतं, ‘कर्नल कंपाइल कर. आम्ही सगळे त्यातूनच गेलोय. त्याशिवाय लिनक्स कळत नाही.’ कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, यंत्राशी थेट बोलणारा भाग, आणि तो कंपाइल करणं म्हणजे त्याच्या सोर्समधून, लिहिलेल्या मजकुरातून, तो आपल्या हातानं बांधणं. मुलानं ते इमानेइतबारे वहीत उतरवून घेतलं होतं. ‘कर्नल कंपाइल करणे’, आणि त्याखाली जाड रेघ. ‘मॅडम, खरंच करावा लागेल का?’ त्यानं विचारलं. आवाजात उत्सुकता नव्हती, धास्ती होती.

मी त्याला टर्मिनल उघडायला सांगितलं आणि डीमेसेज चालवला. मशीन सुरू झाल्यापासून कर्नल स्वतःशी जे जे पुटपुटतो ते सगळं तिथे ओळीनं दिसतं. मेमरी किती, प्रोसेसर कुठला, कोणती डिस्क सापडली. त्या गर्दीत एक ओळ होती, ‘डायरेक्ट फर्मवेअर लोड’ अमुक फाइलसाठी ‘फेल्ड विथ एरर -२’. उणे दोन म्हणजे एवढंच, की मागितलेली फाइल जागेवर नाही. वायफायची चिप कर्नलनं ओळखली होती, तिचा ड्रायव्हर, म्हणजे तिच्याशी बोलणारा कर्नलचा तुकडा, हजर होता, तो कामालाही लागला होता. चिपमध्ये भरायचं फर्मवेअर, म्हणजे चिपचं स्वतःचं सॉफ्टवेअर, तेवढं डिस्कवर नव्हतं. फोन केबलनं जोडून त्याचं इंटरनेट घेतलं, फर्मवेअरचं पॅकेज उतरवलं, मशीन बंद करून सुरू केलं. कोपऱ्यात आसपासच्या नेटवर्कांची यादी उमटली. सहकाऱ्यानं सांगितल्याप्रमाणे मुलानं अख्खा दिवस घालवून कर्नल कंपाइल केला असता, तर संध्याकाळी त्याच्या नव्याकोऱ्या कर्नलनंही हेच सांगितलं असतं, एरर उणे दोन. मुलगा खुलला. ‘म्हणजे कंपाइल वगैरे कधीच करावं लागणार नाही ना?’ मी म्हटलं, ‘नाही रे.’ त्यानं वही काढली आणि ती ओळ खोडून टाकली.

उत्तर बरोबर होतं. तरी ती खोडलेली ओळ मला सतावत राहिली.

मी लिनक्सकडे आले ते कर्नल २.० च्या दिवसांत. १९९६ च्या जूनमध्ये ती मालिका आली आणि पुढची काही वर्षं बहुतेकांच्या मशीनवर तीच होती. माझ्या मशीनला लिनक्समध्ये आवाज नव्हता. कार्ड होतं, स्पीकर होते, पण सगळा शुकशुकाट. आज हे सांगितलं तर पटत नाही, पण तेव्हा साउंड कार्डाचे आकडे कर्नलमध्येच लिहून तो कंपाइल करावा लागायचा. कार्ड कोणत्या पत्त्यावर ऐकतं, कोणत्या इंटरप्टवर हाक मारतं, कोणता डीएमए चॅनल वापरतं. कार्ड हे आपणहून सांगायचं नाही. मशीनचं झाकण काढायचं, टॉर्च तिरका धरायचा, कार्डावरचे इवलेसे जंपर कुठल्या पिनांवर बसलेत ते बघायचं आणि शेजारी छापलेली पांढरी अक्षरं डोळे बारीक करून वाचायची. २२०, ५, १. हे तीन आकडे मला अजून पाठ आहेत. बोटांना लागलेली राखाडी धूळ, पत्र्याच्या कडेनं मनगटावर उठलेला ओरखडा आणि आतून येणारा गरम सर्किटांचा तो कोरडा वास, हेही आकड्यांबरोबर लक्षात राहिलं आहे.

मग ‘मेक मेन्यूकॉन्फिग’. निळ्या पडद्यावर राखाडी चौकट आणि तिच्यात एकाखाली एक ओळी. प्रत्येक ओळीपुढे निर्णय घ्यायचा. वाय म्हणजे कर्नलमध्ये कायमचं, एम म्हणजे मॉड्यूल म्हणून बाजूला, एन म्हणजे नकोच. मला हवी होती फक्त साउंड कार्डाची ओळ, पण तिथपर्यंत पोचायला अख्खी यादी उतरावी लागायची, आणि उतरता उतरता मी वाचतच बसले. पहिल्या काही प्रश्नांतच ‘कर्नल मॅथ एम्युलेशन’ यायचं. मदतीचा मजकूर उघडला तेव्हा कळलं, की ३८६ आणि ४८६एसएक्स प्रोसेसरांना अपूर्णांकांची गणितं स्वतः करता येत नाहीत, ती कर्नलनं त्यांच्या वतीनं करायची. माझ्या प्रोसेसरला ती येत होती, हे मला तोवर माहीतच नव्हतं. पुढे टोकन रिंग, आयएसडीएन, हॅम रेडिओवरून संगणक जोडण्यासाठीचा एएक्स.२५, अमिगाच्या डिस्का वाचायची सोय, आणि ज्या सीडी ड्राइव्ह नेहमीच्या केबलला लागत नाहीत अशांचा एक वेगळाच कप्पा. यातलं काहीही माझ्याकडे नव्हतं. पण कुणाकडे तरी होतं. कुणीतरी आपल्या घरातलं ते एकुलतं एक यंत्र चालावं म्हणून ड्रायव्हर लिहिला होता, आणि दुसऱ्या कुणाकडे ते असलं तर त्यालाही उपयोग व्हावा म्हणून इथे ठेवला होता.

मदतीच्या मजकुराच्या शेवटी बहुतेक वेळा एक वाक्य असायचं, ‘इफ अनशुअर, से एन.’ खात्री नसेल तर नाही म्हणा. काही ठिकाणी ‘से वाय.’ हे वाक्य मला फार धीराचं वाटायचं. लिहिणाऱ्याला ठाऊक होतं, की वाचणारी व्यक्ती या जागी अडणार आहे, तिला यातलं काही कळलेलं नसणार आहे, आणि तरीही तिला पुढे जायचं आहे. इतक्या तांत्रिक कागदपत्रांत अनोळखी माणसाच्या गोंधळाची इतकी साधी दखल मी त्याआधी पाहिली नव्हती.

त्यानंतरचा भाग मात्र निव्वळ वाट बघण्याचा. ‘मेक डेप’, ‘मेक झेडइमेज’, ‘मेक मॉड्यूल्स’. काळ्या पडद्यावर जीसीसी या कंपाइलरच्या ओळी वर सरकत राहायच्या, डिस्क आतल्या आत कुरकुरायची, पंखा एका सुरात फिरायचा. कंपाइल शेवटाला येऊन ‘सिस्टिम इज टू बिग’ असा निरोप आला, तर पुन्हा मेन्यूत जाऊन ओळी कमी करायच्या, कारण दाबून बसवलेला कर्नलही पहिल्या ६४० केबीत मावला पाहिजे अशी अट होती. तो मावला, तर जागेवर नेऊन ठेवायचा आणि लिलो, म्हणजे मशीन उठताना कर्नल चढवणारा छोटा प्रोग्रॅम, पुन्हा चालवायचा. तो चालवायचा राहिला, तर बऱ्याचदा मशीन चालू करताना ‘एलआय’ एवढी दोनच अक्षरं उमटून सगळं थांबायचं. लिलो आपल्या नावाचं एकेक अक्षर एकेका टप्प्यावर छापतो, तेव्हा कुठल्या अक्षरावर अडलं यावरून काय बिघडलं ते ओळखता यायचं. हेही कुणीतरी विचारपूर्वक केलेलं होतं. पहाटे कधीतरी माझ्या स्पीकरांतून खरखरीत आवाज बाहेर पडला. तो आनंद मी कधीच नाकारणार नाही.

म्हणून माझ्या सहकाऱ्याचा मला राग येत नाही. तो जे सांगतो, ते त्याच्या पहाटेतून सांगतो. पण त्या पहाटेचं श्रेय तो चुकीच्या गोष्टीला देतो, असं मला वाटतं. ‘मेक’ टाइप करून मी काही शिकले नाही. तिथे शिकण्यासारखं काही नसतंच, ओळी सरकतात आणि आपण बघतो. शिकले ते झाकण उघडताना आणि मेन्यू वाचताना. माझ्यासमोरच्या पेटीत काय काय आहे आणि कर्नल त्या प्रत्येकाशी वेगवेगळं बोलतो, हे मला त्यातून कळलं. कंपाइल करणं त्या दोन्हींच्या वाटेवर होतं इतकंच.

ते वाटेवर होतं त्याला कारणंही रोकडी होती. कर्नलनं व्यापलेली मेमरी डिस्कवर ढकलता येत नाही, ती कायमची अडकते. एकूण मेमरीच ८ एमबी असेल, तर न लागणारा प्रत्येक ड्रायव्हर म्हणजे रोजचा तोटा. १९९५ च्या मार्चमध्ये आलेल्या कर्नल १.२ मध्ये मॉड्यूलांची सोय होती, लागेल तो तुकडा चालू मशीनमध्ये चढवायचा, नको तेव्हा उतरवायचा. पण कोणता तुकडा लागणार हे ठरवायचं कुणी? जुनी कार्डं मुकी होती. नंतर पीसीआय कार्डं सगळीकडे झाली आणि यूएसबी आलं. ही यंत्रं विचारल्यावर आपला निर्माता-क्रमांक आणि आपला स्वतःचा क्रमांक सांगतात. इंटेलचा निर्माता-क्रमांक ८०८६ आहे, त्यांच्या गाजलेल्या प्रोसेसरचंच नाव. प्रत्येक मॉड्यूलही कोणकोणत्या क्रमांकांची जबाबदारी आपली ते जाहीर करून ठेवतं. मग दोन याद्या जुळवायच्या, एवढंच काम उरलं. २००० साली क्लाउस क्नॉपर यांनी क्नॉपिक्स काढलं तेव्हा एक सीडी घालून अनोळखी मशीन चालू करायचं आणि ग्राफिक्स, आवाज, नेटवर्क सगळं आपोआप जागं झालेलं बघायचं, हे पहिल्यांदा अनुभवलं. झाकण नाही, टॉर्च नाही, आकडे नाहीत. मी त्या पडद्याकडे बघत राहिले होते. आनंद झाला होता आणि काहीतरी हातातून काढून घेतल्यासारखंही वाटलं होतं.

दोन्ही भावना खऱ्या होत्या, पण त्यातली एक फक्त माझी होती आणि दुसरी सगळ्यांच्या उपयोगाची.

कंपाइलची सक्ती सुटली ती कुणाच्या आळसानं सुटली नाही. नवख्याच्या वाटेतला एकेक खडा कुणीतरी वाकून उचलला आहे. डिस्कचा ड्रायव्हरच मॉड्यूल असेल तर तो डिस्कवरून वाचणार कसा, हा पेच इनिटरॅमएफएस नावाची छोटी फाइल सोडवते. मशीन उठताना ती मेमरीत चढते, मुख्य डिस्क सापडेपर्यंत काम बघते आणि बाजूला होते. कर्नलबाहेरचे ड्रायव्हर दर अपडेटनंतर पुन्हा बांधायचं काम डीकेएमएस मागच्या मागे करतं. फर्मवेअरच्या फायली, ज्यांच्यावाचून त्या मुलाचं वायफाय अडलं, त्यांच्या बाबतीत तर डेबियनसारख्या तत्त्वाला धरून राहणाऱ्या प्रकल्पानं २०२२ मध्ये रीतसर मतदान घेतलं आणि २०२३ च्या जूनमध्ये आलेल्या डेबियन १२ पासून त्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घातल्या. मुक्त नसलेलं सॉफ्टवेअर सोबत द्यायचं म्हणजे त्या लोकांच्या जिवावर आलं असणार. तरी त्यांनी तसं ठरवलं, कारण वायफायच नसलेला माणूस मुक्त सॉफ्टवेअर उतरवणार तरी कशानं? हे सगळं झाल्यावर नव्या माणसाला ‘आधी कर्नल कंपाइल करून ये’ म्हणणं, म्हणजे या सगळ्यांच्या कष्टांकडे पाठ फिरवणं आहे.

सहकाऱ्याशी मी हे बोलले. चहाच्या वेळी बरीच वादावादी झाली. त्याचं पहिलं म्हणणं, आपला कर्नल आपण बांधला की मशीन वेगात चालतं. एके काळी हे खरं होतं. आता डिस्ट्रोच्या, म्हणजे डेबियनसारख्या तयार लिनक्स संचाच्या, कर्नलमधली न लागणारी मॉड्यूलं डिस्कवर नुसती पडून असतात, मेमरीत येतच नाहीत. आणि कर्नल सुरू होतानाच प्रोसेसरला काय काय येतं ते तपासून स्वतःच्या काही सूचना जागच्या जागी बदलून घेतो, नव्या प्रोसेसरला नव्या, जुन्याला जुन्या. रोजच्या वापरात जाणवेल असा फरक हातानं बांधून सहसा मिळत नाही. त्याचं दुसरं म्हणणं जास्त वजनाचं होतं. ‘आतलं बघितल्याशिवाय माणूस फक्त गिऱ्हाईक राहतो,’ तो म्हणाला. यावर मी थोडा वेळ गप्प बसले, कारण मलाही नेमकी त्याचीच काळजी आहे. पण लिनक्सचा निर्माता लिनस टॉरवाल्ड्सनं १९९१ च्या सप्टेंबरमध्ये ०.०१ हा पहिला कर्नल बाहेर काढला तेव्हा तो सुमारे १०,००० ओळींचा होता. चिकाटीचा माणूस तो बसून वाचू शकत होता, तेव्हा तो कंपाइल करणं आणि समजून घेणं यांत फार अंतर नव्हतं. आज त्याच कर्नलच्या ओळी ४ कोटींच्या आसपास आहेत. जे लोक त्यात रोज काम करतात, तेही आपापला कोपराच ओळखतात. नवख्यानं आंतरजालावरची पाककृती बघून दहा कमांड ओळीनं चिकटवल्या, तर त्यानं आतलं काय बघितलं?

वर एक धोका त्याच्या गळ्यात पडतो, त्याबद्दल ही मंडळी बोलत नाहीत. डिस्ट्रोचा कर्नल वापरणाऱ्याला सुरक्षेच्या दुरुस्त्या नेहमीच्या अपडेटमधून मिळतात. स्वतः बांधलेल्या कर्नलची काळजी स्वतःलाच घ्यावी लागते, कायम. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये डर्टी काउ नावाची खोट उघडकीला आली. मशीनवर साधं खातं असलेल्या कुणालाही तिच्या आधारे रूटचे, म्हणजे मशीनच्या मालकाचे, अधिकार मिळवता येत होते, आणि ती २००७ मधल्या २.६.२२ पासून कर्नलमध्ये होती. ज्यांची मशीनं आपोआप अपडेट होत होती, ती मंडळी लवकरच सुटली, अनेकांना तर कळलंही नाही. ज्यांनी कधीकाळी हौसेनं कर्नल बांधून ठेवला आणि मग विसरून गेले, त्यांच्या मशीनला कुणी वाली नव्हता. शिवाय आज सिक्युअर बूट चालू असेल, तर सही नसलेला घरचा कर्नल मशीन दारातच अडवतं. मग सहीची किल्ली बनवा, ती मशीनमध्ये नोंदवा. नाहीतर सिक्युअर बूटच बंद करा, आणि नवखा माणूस बहुतेक हेच करतो. शिकण्याच्या नावाखाली आपण त्याला आधी दार उघडं टाकायला लावतो.

तेव्हा सक्तीला माझा विरोध आहे, आणि तो पक्का आहे. पण वहीतली ती ओळ खोडली जाण्यालाही आहे.

कारण १९९२ मध्ये लिनक्स जीपीएल या मुक्त परवान्याखाली आलं, तेव्हा हा कर्नल बघण्याचा, बदलण्याचा आणि पुन्हा बांधण्याचा हक्क प्रत्येकाला मिळाला, नवख्यालाही. ज्या हक्काची कधी आठवणच होत नाही, तो कागदावर शिल्लक असतो आणि लोकांच्या डोक्यातून जातो. म्हणून दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला बोलावलं आणि त्याच्या बूट फोल्डरमधली ‘कॉन्फिग’ नावानं सुरू होणारी फाइल उघडून दाखवली. बहुतेक डिस्ट्रो ती तिथे ठेवतात. चालू कर्नल बांधताना घेतलेला प्रत्येक निर्णय तिच्यात आहे, हजारो ओळी, कुठे वाय, कुठे एम, कुठे ‘इज नॉट सेट’. ‘हे सगळं कुणीतरी तुझ्या वतीनं ठरवलंय,’ मी म्हटलं, ‘आणि यातलं काहीही तू बदलू शकतोस. आज गरज नाही.’ मग एलएसपीसीआयला ‘-के’ जोडून त्याच्या मशीनमधलं एकेक यंत्र आणि त्यापुढे त्याचा ड्रायव्हर, अशी यादी काढली. वायफायच्या ओळीवर तो थांबला. कालची उणे दोनची भानगड कुठे झाली होती, ते त्यानं स्वतःच बोट ठेवून दाखवलं. मग साउंडचं मॉड्यूल उतरवून बघू का म्हणाला. आवाज वाजवणारी सेवा आधी थांबवावी लागली, मग ते उतरलं, मशीन मुकं झालं, मॉडप्रोबनं परत चढवलं, आवाज आला. झाकण उघडून मी जे शिकले होते, त्यातलं बरंचसं त्याला तासाभरात मिळालं, आणि काही मोडलं असतं तरी मशीन पुन्हा सुरू करून सुटका होती.

कंपाइलची खरी वेळ कधी येते, ते मला माझ्या एका मैत्रिणीमुळे कळलं. ती भाषांतरं करते, प्रोग्रॅमिंगशी तिचा काडीचाही संबंध नाही. बरीच वर्षं लिनक्स वापरते, कारण एकदा बसवलं आणि त्रास दिला नाही. एका अपडेटनंतर तिच्या लॅपटॉपचं झाकण लावून उघडलं, की पडदा काळाच राहायला लागला. बूट मेन्यूतून आधीचा कर्नल निवडला, की सगळं ठीक. म्हणजे दोन आवृत्त्यांच्या मध्ये कुठेतरी काहीतरी मोडलं होतं. आधी चालणारी गोष्ट नव्या कर्नलनं मोडायची नाही, हा टॉरवाल्ड्सचा जुना आणि कडक दंडक आहे. तिनं तक्रार नोंदवली. उत्तर सभ्य होतं, पण त्यात एक मागणी होती. तसा लॅपटॉप आमच्याकडे नाही, तुम्ही बायसेक्ट करून द्याल का?

नवी आवृत्ती ९ ते १० आठवड्यांनी येते आणि तेवढ्यात १३-१४ हजार बदल आत गेलेले असतात. त्यातला एक दोषी. बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिट या साधनातलं बायसेक्ट त्या रांगेच्या बरोबर मध्यावरचा कर्नल काढून देतं. तो बांधायचा, मशीन त्यावर चालू करायचं, झाकण लावायचं, उघडायचं. पडदा उजळला तर ‘गुड’, काळा राहिला तर ‘बॅड’. अर्धी रांग गळून पडते. पुन्हा मध्य. साधारण १४ फेऱ्यांत एकच बदल उरतो. ‘अगं, पण हे मला जमणारे का?’ तिनं फोनवर विचारलं. मी म्हटलं, ‘झाकण लावता येतं ना? मग जमेल.’ डिस्ट्रोची अख्खी यादी बांधत बसलं तर प्रत्येक फेरीला फार वेळ जातो, त्यासाठी ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’ आहे, २००९ पासून. ते या क्षणी मशीनमध्ये चढलेली मॉड्यूलं बघतं आणि बाकीची वगळतं. म्हणून ते चालवायच्या आधी मी तिला प्रिंटर, पेनड्राइव्ह, हेडफोन, जे जे वापरतेस ते सगळं एकदा जोडून घे म्हटलं, नाहीतर त्यांचे ड्रायव्हर यादीतून जातात. आणि आधीचा कर्नल बूट मेन्यूतून काढू नकोस, हे दोनदा बजावलं. कर्नलच्या स्वतःच्या दस्तऐवजांत हे सगळं आता पायरीपायरीनं लिहिलेलं आहे, तेही ज्यानं पूर्वी कधी केलं नाही अशा माणसाला समोर ठेवून. ‘इफ अनशुअर’वाल्यांचा वारसा तिथे नीट चालू आहे.

ती रोज संध्याकाळी काम आटोपलं की फेऱ्या करायची. ‘आता एवढे बदल उरले, अंदाजे एवढ्या फेऱ्या’, असं गिट दर वेळी छापतं, ती ओळ मला पाठवायची. मधल्या एका फेरीत कर्नल उठलाच नाही, तर घाबरून फोन न करता तिनं ‘स्किप’ म्हणून पुढचा घेतला, कारण दस्तऐवजात तसं लिहिलं होतं. शेवटी ‘इज द फर्स्ट बॅड कमिट’ अशी ओळ आली. पडद्याच्या ड्रायव्हरमध्ये वीज वाचवण्यासाठी केलेला एक छोटासा बदल होता तो. ज्यानं तो केला होता त्यानं दोन दिवसांत दुरुस्ती पाठवली, तिनं ती लावून कर्नल बांधला, झाकण लावलं, उघडलं, आणि चालतंय म्हणून कळवलं. त्या दुरुस्तीच्या नोंदीत ‘रिपोर्टेड-बाय’ आणि ‘टेस्टेड-बाय’ अशा दोन ओळी आहेत आणि दोन्हींपुढे तिचं नाव आहे. जगभरच्या कर्नलतज्ज्ञांपैकी कुणाकडे नव्हती अशी एक गोष्ट तिच्याकडे होती, तो बिघडलेला लॅपटॉप. कर्नल बांधता आला म्हणून ती वस्तू कामी आली.

त्या मुलाला मी हे सगळं सांगितलं. कर्नल बांधून कुणाला काही सिद्ध करून दाखवायचं नाही. तुझ्या मशीनवर एखादी गोष्ट मोडली आणि ती फक्त तुझ्याकडेच मोडताना दिसतेय, अशी वेळ येईल तेव्हा मागे सरू नकोस. हौस आली म्हणून बांधलास तरी उत्तम, जुना कर्नल जागेवर ठेव आणि एखाद्या निवांत दिवशी बस. सहकारी शेजारीच होता. त्याला हे पूर्ण पटलेलं नाही. गरज पडेपर्यंत थांबलेला माणूस गरज पडल्यावर घाबरतो, आधी एकदा हात बसलेला बरा, असं तो म्हणतो. त्यात तथ्य आहे. आमचा हा वाद चालूच राहणार.

मैत्रिणीच्या लॅपटॉपची दुरुस्ती पुढे स्थिर आवृत्तीत गेली आणि तिथून तिच्या डिस्ट्रोच्या नेहमीच्या अपडेटमध्ये आली. ती आली त्या दिवशी तिनं स्वतः बांधलेले सगळे कर्नल काढून टाकले आणि सोर्सचं फोल्डरही उडवलं. डिस्कवरची बरीच जागा त्यानं अडवून ठेवली होती. परत कधी काही मोडलं तर सोर्स पुन्हा उतरवून घेईन म्हणाली, आता कुठून घ्यायचा ते तिला माहीत आहे.